तापातली आकडी : पुन्हा येईल काय, आणि येऊ नये म्हणून काय करावे

आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी अनेक जण आज स्वतः लहान लेकरांचे आईबाप झाले आहेत. कोणी आलापल्लीकडे वनखात्यात आहे, कोणी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, कोणी धानोरा तालुक्यात अंगणवाडी चालवते, तर कोणी घरची धानाची शेती सांभाळून आहे. स्नेहमेळाव्यात भेटल्यावर वा अवेळी केलेल्या फोनवर त्यांच्याकडून जे प्रश्न आमच्यापर्यंत येतात, त्यांत एक प्रश्न कित्येक वर्षांपासून कायम आहे : "सर, पोराला तापात झटका आला होता. आता परत येईल का? येऊ नये म्हणून काय करू?" आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, वैद्यकाचे नाही. परंतु निवासी शाळेच्या शिक्षकाला आजारी मुलाच्या उशाशी बसण्याचा प्रसंग वारंवार येतो. अशा वेळी ज्या डॉक्टरांशी बोलणे झाले त्यांच्याकडून, आणि नंतर केलेल्या वाचनातून, जे पक्के समजले ते येथे मांडतो. औषधाची मात्रा ठरविण्याचा अधिकार मात्र डॉक्टरांचाच आहे.

सहा महिने ते पाच वर्षे या वयातील बालकाला ताप असताना, मेंदूत कसलाही जंतुसंसर्ग नसूनही जो झटका येतो, त्याला तापातली आकडी म्हणतात. मूल एकाएकी ताठ होते, डोळे वर फिरवते, दातखिळी बसते, हातपाय लयीत हिसके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो, ओठ काळे-निळे पडतात. बहुधा एक-दोन मिनिटांत सारे थांबते आणि मूल गुंगून झोपी जाते. शंभर मुलांमागे साधारण दोन ते पाच मुलांना बालपणी केव्हातरी अशी आकडी येते. दीड वर्षाच्या आसपास तिचे प्रमाण सर्वाधिक असते. या वयात मेंदूची घडण पूर्ण झालेली नसते, आणि काही मुलांचा मेंदू तापाने लवकर उत्तेजित होतो. हा गुण पुष्कळदा घराण्यातून येतो. बापाला किंवा मावशीला लहानपणी असे झाले होते काय, हे घरातल्या म्हातारीला विचारून पाहावे. उत्तर अनेकदा 'हो' असे मिळते.

डॉक्टर तिचे दोन प्रकार करतात. सर्व शरीराला आलेली, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली आणि चोवीस तासांत पुन्हा न आलेली ती साधी. जी शरीराच्या एकाच बाजूला येते, पंधरा मिनिटांहून लांबते किंवा त्याच दिवशी परत येते ती गुंतागुंतीची. बहुसंख्य मुलांना साधीच येते. साध्या आकडीनंतर मूल पूर्ण शुद्धीवर येऊन खेळू लागले असेल, तर मेंदूचा आलेख किंवा सीटी स्कॅन काढण्याची सहसा गरज नसते. नागपूरला नेऊन हजारो रुपये मोजून ही कागदपत्रे गोळा केलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता मूळ प्रश्न. पुन्हा येईल काय? ज्या मुलांना एकदा तापात आकडी आली, त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुलांना पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर ही शक्यता जवळपास निम्मी असते. वर्षानंतर आली असेल तर तिसाच्या घरात. आईवडील वा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला असे झाले असेल, ताप फार चढलेला नसतानाच आकडी आली असेल, किंवा ताप येऊन तास उलटण्यापूर्वीच आली असेल, तर शक्यता वाढते. बहुतेक पुनरावृत्ती पहिल्या एक-दोन वर्षांतच होते आणि पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत मूल यातून बाहेर पडते. याचा दुसरा अर्थ असा, की दर तीन मुलांतील दोघांना, काहीही औषध न देता, आयुष्यात पुन्हा कधीच आकडी येत नाही. गंडा बांधणाऱ्याचे आणि महागडे टॉनिक देणाऱ्याचे निम्मे यश या गणितात दडलेले आहे.

आकडीमुळे मूल मंदबुद्धी होते काय, हा पुढचा प्रश्न आईच्या ओठावर असतो पण ती विचारत नाही. अमेरिकेत अशा १,७०६ मुलांचा सात वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष १९७०च्या दशकात प्रसिद्ध झाले. आकडी येण्यापूर्वी ज्यांची वाढ सामान्य होती, त्यांची बुद्धी त्यांच्या सख्ख्या भावंडांहून कमी भरली नाही, आणि आकडीमुळे एकही मूल दगावले नाही. मिरगीचे म्हणाल, तर साध्या आकडीनंतर पुढे मिरगी जडण्याची शक्यता शेकडा एक-दोन इतकीच असते. इतर मुलांत ती सुमारे एक टक्क्याच्या आसपास असतेच.

तरीही भीती एवढी का? येथे इतिहासाच्या माणसाला थोडे बोलू द्यावे. मुलाचा जीव अचानक कुणीतरी ओढून नेत आहे असे ज्या आजारात दिसते, त्याला मनुष्याने सर्वत्र बाहेरची शक्तीच मानले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत. स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना ही त्यांतील नावे. कथाकीर्तनांतून आपल्याला ठाऊक असलेली पूतना राक्षसीण वैद्यकाच्या ग्रंथात बाळाला पछाडणारा ग्रह म्हणून येते, ती अशी. दुसरीकडे ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत, तीव्र तापात लहान मुलांना झटके येतात आणि सातव्या वर्षापर्यंत ते विशेष येतात, हे निरीक्षण दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवलेले आहे. त्याच परंपरेत, मिरगी हा इतर आजारांहून अधिक दैवी नाही, असे सांगणारा स्वतंत्र ग्रंथही आहे. एकाच दृश्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याच्या मैदानावर ज्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली, त्यांच्याही घरात बाळाला झटका आला की दुसऱ्या दिवशी मनगटावर काळा दोरा दिसतो, हे आम्ही दुःखाने पाहिले आहे. दोऱ्याने अपाय होत नाही. अपाय होतो तो दोरा आणायला गेलेल्या वेळेने.

भीतीची दुसरी बाजू सामाजिक आहे. शाळेत प्रवेश घेताना आम्ही विचारतो, 'मुलाला झटके येतात काय?' पालक, विशेषतः मुलीचे पालक, एकमेकांकडे पाहतात आणि 'नाही' म्हणतात. दोन वर्षांची असताना तापात एकदा आलेली आकडी पुढे 'मिरगीवाली पोरगी' म्हणून लग्नाच्या बैठकीपर्यंत पाठलाग करील, ही त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात, वारंवार येणारे मिरगीचे झटके ही विवाहाला बाध आणणारी बाब म्हणून १९९९ सालापर्यंत लिहिलेली होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने 'मिरगी' हा शब्द वगळण्यात आला. कायद्यातून शब्द गेला, बैठकीतून अजून गेलेला नाही. म्हणून प्रवेशअर्जात आम्ही दोन वेगळे रकाने ठेवतो : पाच वर्षांच्या आत फक्त तापात आलेली आकडी, आणि ताप नसताना येणारे झटके. पहिला रकाना भरल्याने कुणाच्या मुलीला काहीही चिकटत नाही.

इथवर जे सांगितले ते पुण्यातल्या वा पॅरिसमधल्या पालकालाही सांगता आले असते. आपल्या जिल्ह्यांची गोष्ट मात्र येथून वेगळी होते, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे. तापातली आकडी निरुपद्रवी आहे हे वाक्य खरे आहे. पण समोरची आकडी 'तापातली आकडी'च आहे, हे ठरल्यानंतरच ते खरे आहे. आपल्याकडे ताप आणि झटका एकत्र दिसला, की पहिला संशय हिवतापाचा घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील हिवतापाचे सर्वाधिक ओझे गडचिरोली जिल्हा वर्षानुवर्षे वाहतो आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, कुरखेडा या तालुक्यांत पावसाळा सुरू झाला, धानाची रोवणी आटोपली, की तापाचे रुग्ण वाढू लागतात. येथे फॅल्सिपेरम या जातीचा जंतू मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याने ग्रासलेल्या तांबड्या पेशी मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, रक्तप्रवाह अडतो, आणि मग झटके व बेशुद्धी येते. मेंदूचा हिवताप तो हाच. त्यात काही तासांचाही उशीर जिवावर बेततो. तो आणि साधी आकडी यांतील ओळखण्याजोगा फरक असा : साध्या आकडीनंतर मूल थोडे झोपते, पण अर्ध्या-पाऊण तासात आईला ओळखते, पाणी मागते, रडते. मेंदूच्या हिवतापात ते जागे होत नाही, हाक मारली तरी डोळा उघडत नाही, किंवा झटके पुन्हा पुन्हा येत राहतात. परंतु हा फरक दिसण्याची वाट पाहत बसू नये. आशाताईंकडे बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासण्याची किट असते. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते. ताप व झटका आलेल्या प्रत्येक बालकाची, ऋतू कोणताही असो, त्याच दिवशी ही तपासणी व्हावी. ती नकारार्थी आली आणि ताप टिकून राहिला, तर दुसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासून घ्यावे. होकारार्थी आली तर दिलेल्या गोळ्यांचा संपूर्ण डोस द्यावा. ताप दुसऱ्या दिवशी उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या धाकट्यासाठी ठेवू नयेत. झटका आलेल्या किंवा उलट्या करणाऱ्या मुलाला मात्र घरी गोळ्या देण्याऐवजी दवाखान्यातच न्यावे, कारण त्याला शिरेतून वा स्नायूतून आर्टेसुनेटचे इंजेक्शन लागू शकते.

हिवताप हे एकच कारण नाही. मेंदूच्या आवरणाचा दाह, मेंदूज्वर यांतही ताप आणि झटके असतात. विदर्भातील वाचकांनी चांदीपुरा हे नाव लक्षात ठेवावे. नागपूर जिल्ह्यातील या गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात १९६५ साली हा विषाणू प्रथम सापडला, म्हणून जगभर तो त्याच नावाने ओळखला जातो. तो वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो, आणि वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या ओलाव्यात राहते. २००३ साली शेजारच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुले अशा मेंदूज्वराने आजारी पडली आणि १८३ दगावली. तेथील तपासात हाच विषाणू मिळाला. सकाळी ताप आलेले मूल रात्रीपर्यंत बेशुद्ध, अशी या आजाराची गती असते. मान ताठ होणे, बाळाची टाळू फुगणे, सतत उलट्या, अंगावर जांभळे डाग, आकडीनंतर शुद्ध न येणे, वय सहा महिन्यांहून कमी असणे, यांतले एकही लक्षण असेल तर ती साधी आकडी समजू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची. सिकलसेल हा आजार गोंड, माडिया आदी आदिवासी समाजांत आहे तसाच तो आपल्या बौद्ध समाजातही पुष्कळ आहे. १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. सिकलसेलग्रस्त, म्हणजे केवळ वाहक नव्हे, अशा बालकाचा ताप हा मुळातच तातडीचा असतो, कारण अशा मुलांत जंतुसंसर्ग झपाट्याने रक्तात पसरतो. शिवाय त्यांना मेंदूचा रक्तपुरवठा अडूनही झटका येऊ शकतो. ज्या घरात हा आजार ठाऊक आहे, तेथे 'तापातली आकडी आहे, ओसरेल' हे शब्द उच्चारूच नयेत.

आणि उन्हाळा. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचे तापमान देशाच्या बातम्यांत झळकते ते उगीच नाही. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्त्याच्या तोडणीला आईबाप तान्ह्यासह जंगलात जातात. झाडाखालच्या झोळीत निजलेले मूल दुपारी भट्टीसारखे तापलेले आढळले आणि त्याला झटका आला, तर तो आजाराचा ताप नसून उष्माघात असू शकतो. त्यावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. तेथे कपडे काढणे, अंगावर पाणी ओतणे, वारा घालणे आणि लगेच दवाखाना गाठणे, हाच उपचार आहे. जंतुसंसर्गाच्या तापात मात्र बर्फाच्या पाण्याने अंग पुसण्याने आकडी टळत नाही. मूल कुडकुडते तेवढे.

झटका चालू असताना करायचे फार थोडे असते आणि न करायचे फार. मुलाला खाली सपाट जागी, चुलीपासून दूर, कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे लाळ व उलटी बाहेर जाईल. गळ्याभोवतीचे सैल करावे. घड्याळ पाहावे. भेदरलेल्या आईला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते, आणि डॉक्टरांना नेमका वेळच हवा असतो. दुसऱ्या कुणी मोबाइलवर चित्रण केले तर त्याहून उत्तम. दातांत चमचा घालू नये, बोट घालू नये, पाणी पाजू नये, औषध पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा आणि चप्पल हुंगविण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक आहे. झटका एरवीही दोन मिनिटांत थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते, एवढाच तिचा महिमा. मेळघाटात पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देतात, ज्याला डंबा म्हणतात, त्याच्या बातम्या अजूनही येतात. आपल्याकडेही कुठे डागणारा असेल तर त्याला गावानेच थांबवावे. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला फोन करावा आणि मिळेल त्या वाहनाने निघावे.

आता प्रतिबंध. सर्वप्रथम, सर्वांच्या घरात असलेली पॅरासिटामॉलची बाटली. वेळच्या वेळी ताप उतरवत राहिले तर आकडी येणार नाही, ही समजूत डॉक्टरांतही बराच काळ होती. अनेक देशांत चाचण्या झाल्या आणि पुढच्या तापांतील आकडी त्याने टळते असे दिसले नाही. जपानमधील २०१८च्या एका अभ्यासात, आकडी येऊन गेल्यानंतर त्याच आजारात पॅरासिटामॉल देत राहिल्यास लगेचची पुनरावृत्ती कमी झाल्याचे आढळले, तेवढाच काय तो अपवाद. कारणही समजण्यासारखे आहे. आकडी पुष्कळदा ताप येण्याच्या पहिल्या काही तासांत, किंबहुना ताप आहे हे कळण्याआधीच येते. म्हणून औषध द्यावे ते मुलाला बरे वाटावे, त्याने दूध-पाणी घ्यावे यासाठी; आणि तरीही आकडी आली तर आईने स्वतःला दोष देऊ नये. रात्रभर जागून दर तासाला अंग पुसणाऱ्या आईला सासूने 'तूच लक्ष दिले नाहीस' म्हणणे, हा अन्याय या अभ्यासांनी तरी थांबावा.

पॅरासिटामॉलच्या मात्रेत मात्र काळजी हवी. ती वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम लागते. बाजारातील एका सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते, दुसऱ्याच्या तितक्याच भागात २५०, तर थेंबांच्या बाटलीत एकेका मिलिलिटरमध्येच १००. म्हणजे सिरप समजून थेंबांच्या बाटलीतले पाच मिलिलिटर दिले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात जाते आणि यकृताला धोका होतो. बाटलीवरचा आकडा वाचणे हे आठवी शिकलेल्या मोठ्या बहिणीलाही जमते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ साली बंद करण्यात आले. गावोगाव फिरणाऱ्या इंजेक्शनवाल्याच्या पिशवीत ते अजून आहे काय, हे पालकांनीच विचारावे.

आकडी टाळण्याचे खास औषध आहे काय? आहे, पण ते प्रत्येकासाठी नाही. पूर्वी अशा मुलांना रोज, वर्षानुवर्षे गार्डिनाल, म्हणजे फिनोबार्बिटोन देत. १९९० साली अमेरिकेत २१७ मुलांवर झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांनंतर ज्यांना हे औषध ठरवून दिलेले होते त्यांचा बुद्ध्यंक सरासरी ८.४ गुणांनी कमी भरला आणि आकड्या काही कमी झालेल्या नव्हत्या. व्हॅल्प्रोएटने यकृताला इजा होण्याचा संभव असतो. त्यामुळे साध्या आकडीसाठी रोजचे औषध आता योग्य मानले जात नाही. कुणाचे मूल एखाद्या जुन्या चिठ्ठीवरून अशी गोळी अजून घेत असेल, तर ती स्वतःहून एकाएकी बंद करू नये, त्याने झटके उसळतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवून हळूहळू बंद करावी.

आकड्या वारंवार येत असतील, लांबत असतील, किंवा घर दवाखान्यापासून फार दूर असेल, तेव्हा भारतातील डॉक्टर क्लोबाझाम हे औषध फक्त तापाचे दोन-तीन दिवस देतात. त्याने पुनरावृत्ती कमी होते, असे भारतीय अभ्यासांतही दिसले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना साध्या आकडीसाठी तेवढेही नको म्हणते, कारण औषधाने मूल सुस्त होते, चालताना झोकांड्या जातात. आमच्या मते आपल्या जिल्ह्यांत या सुस्तीचा विचार दुप्पट करायला हवा. क्लोबाझाम दिलेले मूल औषधाने झोपले आहे की मेंदूच्या हिवतापाने, हे आईला कसे कळावे? म्हणून क्रम पाळावा : ताप आला की प्रथम किटने रक्ततपासणी, मग डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, आणि मूल हलवूनही नीट जागे होत नसेल तर औषधाला दोष न देता सरळ दवाखाना.

याहून वेगळे आहे ते मिडाझोलामचे नाकात मारायचे औषध. ते आकडी टाळत नाही; पाच मिनिटांत न थांबलेली आकडी थांबवते. खरा धोका लांबलेल्या आकडीत असतो, आणि ज्याच्या घरापासून रुग्णालय दोन तासांवर आहे त्याच्यासाठी ही छोटी बाटली फार मोलाची आहे. एका फवाऱ्यात किती औषध येते ते कंपनीनुसार बदलते, म्हणून किती फवारे, कोणत्या नाकपुडीत, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि त्यांच्यासमोर एकदा समजून घ्यावे.

औषधांपेक्षा स्वस्त असे दोन-तीन उपाय उरतात. शरीरात लोह कमी असलेल्या मुलांत तापातली आकडी अधिक आढळते, असे आपल्या देशातील व बाहेरील अनेक अभ्यास सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. लोहाचे सिरप आशाताई व अंगणवाडीमार्फत मोफत मिळते. आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर द्यायचे असते. शौच काळे होते म्हणून ते कोनाड्यात पडून राहते. ताप चालू असताना ते देऊ नये, आणि सिकलसेलग्रस्त मुलाला डॉक्टरांना विचारूनच द्यावे. लसी पूर्ण कराव्यात. पेंटाव्हॅलंट व न्यूमोकोकल लसी मेंदूच्या आवरणाच्या दाहाची प्रमुख कारणे रोखतात. लसीनंतर एक-दोन दिवसांत, आणि गोवर-रुबेलाच्या लसीनंतर आठवडा-दीड आठवड्याने ताप येऊ शकतो, त्या तापात क्वचित आकडीही येते. परंतु त्या भीतीने लस चुकवणे म्हणजे पुढच्या मोठ्या तापाला दार उघडे ठेवणे होय. आणि सरकारने वाटलेली औषधयुक्त मच्छरदाणी मासे धरायला वा धान झाकायला न वापरता बाळाच्या अंगावर असावी. आपल्याकडे ताप रोखणे म्हणजे बऱ्याच अंशी डास रोखणे आहे.

हे सारे खेड्यात शक्य आहे काय, असे शहरातील स्नेही विचारतात. गडचिरोलीनेच त्याचे उत्तर जगाला दिलेले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, आणि त्या गावांतील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे घरोघरी नवजात बाळांची काळजी हे देशभरच्या आशांचे काम झाले. ज्या बाईने श्वास मोजायला शिकले, ती रक्ताचा थेंब तपासायला आणि मुलाला कुशीवर वळवायलाही शिकते. गावातील पुजाऱ्याशी भांडण मांडण्यापेक्षा त्यालाही हे कुशीवर वळवणे शिकवावे, असे आम्हाला वाटते. लोक प्रथम त्याच्याकडेच धावतात, तर त्याने तरी 'आधी आशाताईकडे जा' म्हणावे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या मुलाला एकदा आकडी येऊन गेली आहे, त्यांनी वहीचे एक पान घेऊन घराच्या दाराजवळ लावावे. त्यावर मुलाचे आजचे वजन, पॅरासिटामॉलचे मिलिलिटर, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाची मात्रा, आशाताईंचा आणि वाहनवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा. आईबाप शेतावर असताना मूल आजीजवळ असते, म्हणून ते आजीला तोंडपाठ करवावे, अंगणवाडीतही एक प्रत द्यावी. वजन दर तीन महिन्यांनी बदलते, तेव्हा आकडेही बदलावेत. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की दोन-दोन दिवस रस्ता बंद असतो. त्या भागातील पालकांनी मृगापूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना भेटावे, बाटल्यांवरील मुदत पाहावी, आणि पूर असताना कोणत्या बाजूच्या दवाखान्यात जायचे ते आधीच ठरवून पानाच्या तळाशी लिहून ठेवावे.